आकडा ९८, माणूस गुंगीत

हे प्रकरण लालबागमधल्या एका चाळीतलं आहे. माझा दवाखाना तिथून चालत पाच मिनिटांवर. घरच्यांनी लिहायला परवानगी दिली आहे. ओळख पटू नये म्हणून काही किरकोळ तपशील बदललेत, उपचारांचा भाग मात्र घडला तसाच ठेवलाय. हे लिहावंसं वाटलं ते त्या घरातल्या शंभर पानी वहीमुळे. सूनबाईंनी तिच्यात सासऱ्यांचा ऑक्सिजन दर दोन तासांनी टिपून ठेवला होता. एका दिवसाचे नऊ आकडे, सगळे ९७ नाहीतर ९८. त्याच दिवशी रात्री साडेनऊला मी खोलीत शिरले तेव्हा काका हाकेला धड ओ देत नव्हते.

काका ७५ वर्षांचे. १९६८ साली, अठराव्या वर्षी, ते गिरणीत कार्डिंग खात्यात लागले. कापूस विंचरून त्याचा पेळू काढायचा ते हे खातं, आणि गिरणीतली सगळ्यात जास्त धूळ इथेच. सुट्टीनंतर कामावर गेलं की पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी व्हायची, पुढे आठवडाभर हळूहळू कमी व्हायची. खात्यातले सगळेच तसं म्हणायचे, त्यामुळे तो आजार आहे असं कुणाला वाटलंच नाही. रविवारच्या मटणाचं अजीर्ण म्हणून सोडून द्यायचे. कापसाच्या धुळीने होणाऱ्या या विकाराला बिसिनोसिस म्हणतात, आणि कामाच्या पहिल्या दिवशी छाती भरणं ही त्याची ओळखीची खूण आहे. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला. त्यानंतर काका गिरणीत परत गेले नाहीत, एका गोदामावर वॉचमन म्हणून लागले. विड्या चाळीसेक वर्षं चालल्या. धूळ आणि विडी दोन्ही मिळून आज त्यांना सीओपीडी आहे. श्वासनलिका कायमच्या अरुंद झाल्या आहेत आणि फुप्फुसाचे फुगे सैल पडले आहेत.

घरात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतला ऑक्सिजन वेगळा करून देणारं यंत्र, आणि बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आला तो एप्रिल २०२१मध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत. मुलाने धावपळ करून दोन्ही मिळवले होते. त्याआधी, सप्टेंबर २०२०मध्ये ‘माझे कुटुंब माझी जबाबदारी’ मोहीम निघाली तेव्हा आरोग्यसेविका दारोदार ऑक्सिमीटर घेऊन फिरल्या होत्या. ९४च्या खाली गेलं की दवाखाना गाठायचा, हे तेव्हापासून मुंबईतल्या पोराटोरांना पाठ आहे. त्या आजारात तो धडा बरोबर होता. माणूस गप्पा मारत बसलेला असायचा, दम लागल्याचं त्याला जाणवतही नसायचं, आणि बोटावरचा आकडा ८४ दाखवायचा. त्या आकड्याने किती जणांना वेळेवर रुग्णालयात पोचवलं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. म्हणूनच पुढे जे घडलं त्यात मला कुणाची चूक काढणं जड जातं.

आदल्या डिसेंबरमध्ये काकांचा श्वासाचा त्रास उसळला आणि ते आठवडाभर एका रुग्णालयात होते. घरी सोडताना हातात दिलेल्या कागदावर लिहिलं होतं: ‘घरी ऑक्सिजन सुरू ठेवावा, १ लिटर. सॅच्युरेशन पाहत राहावे.’ सॅच्युरेशन म्हणजे बोटावरचा तो आकडा. तो किती असावा, किती पुरे, कितीच्या वर जाऊ देऊ नये, यातलं काहीच नव्हतं. तो कागद माझ्याकडे आला. मी इनहेलरचे डोस तपासले, सहीशिक्का पाहिला आणि कागद फायलीला लावला. ती ओळ माझ्याही नजरेतून सुटली, आणि त्याची बोच मला अजून आहे.

आता तो दिवस. जानेवारीतली पहाट, मुंबईच्या मानाने चांगलीच गार. चाळीत संडास गॅलरीच्या टोकाला. काका नाकातली नळी काढून गेले, नळाच्या गार पाण्याने हातपाय धुऊन परत आले आणि खाटेवर बसून धापा टाकू लागले. सूनबाईंनी लगेच बोटाला यंत्र लावलं. ८३. त्यांनी कॉन्सन्ट्रेटरचा काटा मिनिटाला १ लिटरवरून ५वर नेला. पंधरा मिनिटांत आकडा ९७ झाला, धाप बसली, घरात सगळ्यांना हायसं वाटलं. काटा पाचवरच राहिला.

वहीचं ते पान माझ्याकडे फोटोत आहे. डाव्या बाजूला वेळ, मध्ये आकडा, आणि उजवीकडे समासात बारीक अक्षरात सूनबाईंनी सहज लिहिलेलं काहीबाही. ते इथे उतरवते.

पहाटे ५.५०, ९७. आता बरं वाटतंय म्हणाले.
८.००, ९७. चहा अर्धाच घेतला.
१०.००, ९८. छान झोप लागली.
१२.००, ९७. अजून झोपलेत. रात्रीची झोप भरून काढतायत.
२.००, ९८. जेवायला उठवलं, दोन घास खाऊन परत आडवे.
४.००, ९८. डोकं जड झालंय म्हणाले.
६.००, ९८. सर्दीच्या गोळीने गुंगी आली असावी.
८.००, ९८. मला आईंच्या नावाने हाक मारली.
९.००, ९८. उठवलं तर डोळे उघडतात, परत मिटतात.

काकू जाऊन सहा वर्षं झाली. सूनबाईंनी मला फोन केला तो त्या हाकेमुळे. पण फोनवरचं पहिलं वाक्य होतं, “डॉक्टर, ऑक्सिजन एकदम मस्त आहे, अठ्ठ्याण्णव आहे, पण बाबा विचित्रच वागतायत.” तोवर नातवाने त्याचं मनगटी घड्याळही आजोबांच्या हाताला बांधून पाहिलं होतं. त्यानेही ९६ दाखवलं. दोन यंत्रांचं एकमत झालं म्हटल्यावर घरच्यांची खात्री पटली की ऑक्सिजनचा प्रश्न नाही. आणि ते खरंच होतं. प्रश्न ऑक्सिजन कमी असण्याचा नव्हता.

मी पोचले तेव्हा काका उशीला टेकून अर्धवट बसलेले, मान एका बाजूला. श्वास मोजला: मिनिटाला दहा, आणि तेही उथळ. चेहरा तांबूस. हात हातात घेतला तर तळवा ऊबदार, ओलसर, नाडी टणटणीत. हात सरळ पुढे धरून पंजे मागे वाकवायला सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितल्यावर त्यांनी ते केलं आणि पंजे पंखासारखे फडफडायला लागले. सीओपीडीच्या माणसात ही सगळी चिन्हं एकत्र दिसली की पहिला विचार एकच येतो: रक्तात कार्बन डायऑक्साइड साठला आहे.

बोटावरचं यंत्र तेव्हाही ९८ सांगत होतं, आणि नाडीची पट्टी अगदी वरपर्यंत उड्या मारत होती. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. कार्बन डायऑक्साइड वाढला की कातडीतल्या रक्तवाहिन्या फुलतात, बोटात रक्त भरभरून येतं आणि यंत्राला हवा तसा खणखणीत ठोका मिळतो. पहाटे गारठलेल्या बोटावर ते यंत्र चाचपडत होतं. रात्री, माणूस सगळ्यात जास्त आजारी असताना, त्याचं वाचन सगळ्यात स्वच्छ होतं.

हे का होतं ते कळायला यंत्र नेमकं काय पाहतं ते समजून घ्यावं लागतं. अंधारात टॉर्चवर बोट धरलं की बोट लालभडक दिसतं, हा खेळ आपण सगळ्यांनी केला आहे. रक्त बाकीचे रंग गिळतं, लाल बराचसा जाऊ देतं. ऑक्सिमीटरच्या चिमट्यात वरच्या बाजूला दोन छोटे दिवे असतात. एक लाल, साधारण ६६० नॅनोमीटर तरंगलांबीचा. दुसरा डोळ्यांना न दिसणारा अवरक्त, साधारण ९४० नॅनोमीटरचा. (काही फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यातून पाहिलं तर हा दुसरा दिवाही फिकट जांभळा चमकताना दिसतो. नातवाला मी तो दाखवला तेव्हा त्याला फार आश्चर्य वाटलं.) दोन्ही दिवे आळीपाळीने फार वेगाने उघडझाप करतात आणि बोटापलीकडे किती उजेड पोचला ते खालचा सेन्सर मोजतो. ऑक्सिजन घेतलेलं हिमोग्लोबिन लाल उजेड जास्त जाऊ देतं आणि अवरक्त जास्त शोषतं. ऑक्सिजन सोडलेल्याचं बरोबर उलट.

पण बोटात कातडी आहे, हाड आहे, नखं आहेत, शिरांमधलं रक्त आहे. ते सगळंच उजेड खातं. मग धमनीतलं रक्त वेगळं कसं ओळखायचं? याचं उत्तर जपानमधल्या ताकुओ आओयागी या अभियंत्याने १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला काढलं. ते हृदय मिनिटाला किती रक्त फेकतं ते मोजण्याच्या खटाटोपात होते. त्यासाठी रक्तात रंगद्रव्य सोडून कानाच्या पाळीतून जाणारा उजेड मोजत होते, आणि नाडीचे ठोके त्या मोजमापात सारखे लुडबुड करत होते. ते ठोके दुसऱ्या रंगाच्या उजेडाने वजा करायला गेले तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की ऑक्सिजन बदलला की वजाबाकी चुकते. म्हणजे जो अडथळा काढून टाकायचा होता त्यातच ऑक्सिजनची खबर होती. दर ठोक्याला कमीजास्त होणारा उजेड तेवढा धमनीचा, बाकीचा स्थिर उजेड सोडून द्यायचा. हा हलणारा भाग एकूण उजेडाच्या एकदोन टक्क्यांएवढाच असतो. आओयागी एप्रिल २०२०मध्ये वारले, त्यांचं यंत्र जगातल्या घराघरांत शिरत होतं नेमकं त्याच दिवसांत.

दोन्ही रंगांच्या हलणाऱ्या भागांचं गुणोत्तर काढलं की यंत्र आपल्या पोटातल्या तक्त्यात पाहून टक्केवारी सांगतं. तो तक्ता निरोगी माणसांवर बसवलेला असतो. त्यांना प्रयोगशाळेत कमी ऑक्सिजनची हवा देतात, धमनीतलं रक्त काढून ताडून पाहतात. ७० टक्क्यांखाली कुणाला नेत नाहीत, त्यामुळे त्याखालचे आकडे अंदाजाचेच. मनगटी घड्याळात आरपार जाणाऱ्या उजेडाऐवजी मागे परतणारा उजेड मोजतात. नाडी मोजायला हिरवा दिवा आणि ऑक्सिजनसाठी लाल व अवरक्त. मनगटावर ठोका कमजोर असतो, म्हणून ते बोटापेक्षा लवकर बिचकतं.

आता काकांच्या बोटाकडे परत येऊ. यंत्राने विचारलेला प्रश्न एकच आहे: धमनीतल्या हिमोग्लोबिनपैकी किती टक्के ऑक्सिजनने भरलंय? त्याचं उत्तर ९८ होतं आणि ते खरं होतं. घड्याळानेही तोच प्रश्न विचारला, म्हणून जवळजवळ तेच उत्तर मिळालं. कार्बन डायऑक्साइड किती आहे हे या दोन रंगांच्या उजेडाला दिसतच नाही. साध्या हवेत श्वास घेणाऱ्या माणसाचा श्वास मंदावला तर ऑक्सिजनही घसरतो आणि आकडा इशारा देतो. नाकातून पाच लिटर ऑक्सिजन सुरू असला की तो इशारा बंद पडतो. श्वास निम्मा झाला तरी फुप्फुसात ऑक्सिजन पुरेसा पोचतो आणि आकडा जागचा हलत नाही.

त्यात भर म्हणजे धमनीतला ऑक्सिजनचा दाब वाढेल तसं हिमोग्लोबिन किती भरतं याचा आलेख ९०च्या वर जवळजवळ आडवा होतो. साधारण ९० टक्के म्हणजे धमनीत ऑक्सिजनचा दाब पाऱ्याचे ६० मिलिमीटर. ९८ म्हणजे १००च्या आसपास. पण दाब २०० असो की ३००, आकडा ९९ किंवा १००च. त्यामुळे ऑक्सिजन लावलेल्या माणसात ९८ दिसलं की पुरेसा आहे एवढं कळतं, भरमसाठ आहे का ते कळत नाही.

जास्त ऑक्सिजनने अशा रुग्णात कार्बन डायऑक्साइड का साठतो, याचं जुनं उत्तर असं की त्यांच्या मेंदूला श्वासाची चालना ऑक्सिजनच्या कमतरतेतून मिळते आणि ती गेली की श्वास मंदावतो. हा भाग आहे, पण पूर्ण गोष्ट नाही. फुप्फुसाचा जो भाग निकामी आहे तिकडे जाणारं रक्त शरीर स्वतःहून आखडून धरतं. ऑक्सिजन वाढवला की ती आखडलेली वाट मोकळी होते आणि रक्त अशा भागात जातं जिथे हवा खेळतच नाही. ते कार्बन डायऑक्साइड न सोडताच परततं. शिवाय ऑक्सिजनने भरलेल्या हिमोग्लोबिनवर कार्बन डायऑक्साइड कमी मावतो, तो रक्तात मोकळा होतो. निरोगी माणूस जोरजोरात श्वास घेऊन हे सगळं बाहेर टाकतो. काकांच्या छातीत तो जोर आता उरलेला नव्हता.

म्हणूनच सीओपीडीच्या अशा रुग्णांसाठी ८८ ते ९२ ही पट्टी सांगितली आहे. ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात ४०५ रुग्णांवर झालेला आणि २०१०मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास मला नेहमी आठवतो. रुग्णवाहिकेत श्वासाच्या तक्रारीच्या काही रुग्णांना भरपूर ऑक्सिजन दिला, काहींना ८८ ते ९२ राहील एवढाच मोजून. पहिल्या गटात ९ टक्के दगावले, दुसऱ्यात ४ टक्के. औषध तेच होतं, फरक फक्त किती दिलं याचा.

त्या रात्री मी काटा एकदम बंद केला नाही. हे मुद्दाम सांगते, कारण धोका कळला की घरचे घाबरून नळी उपटायला धावतात. कार्बन डायऑक्साइड साठलेला असताना ऑक्सिजन अचानक काढला तर आकडा आधीपेक्षाही खाली कोसळतो. पाचवरून तीन, थोड्या वेळाने दोन. हळूहळू ९८चे ९५, मग ९१. सूनबाईंचे डोळे भरून आले, “अहो डॉक्टर, कमी होतोय!” मी त्यांना म्हटलं, “वहिनी, आपल्याला कमीच करायचाय. तुम्ही आकड्याकडे नका बघू, बाबांच्या तोंडाकडे बघा.” मुलगा १०८ला फोन लावत होता. तिसरा मजला, लिफ्ट नाही. चाळीतल्या चौघांनी खुर्चीत बसवून खाली आणलं, जिन्याच्या प्रत्येक वळणावर एक जण मोबाइलचा उजेड धरून उभा. रुग्णवाहिकेतल्या तरुण डॉक्टरच्या हातात मी चिठ्ठी दिली: ‘सीओपीडी, कार्बन डायऑक्साइड साठल्याची शंका, सॅच्युरेशन ८८–९२ ठेवा.’ त्याने ती वाचून मान हलवली आणि वाटेत काटा दोनच्या वर जाऊ दिला नाही.

तातडीच्या विभागात मनगटाच्या धमनीतलं रक्त काढलं. कार्बन डायऑक्साइडचा दाब ८८, सामान्यतः तो ३५ ते ४५ असतो. रक्ताचं पीएच ७.२३, म्हणजे आम्ल बरंच वाढलेलं. आम्लाचा तोल सांभाळणारं बायकार्बोनेट वाढून ३६, ही वाढ एका दिवसात होत नाही, म्हणजे काकांचं शरीर महिनोन्‌महिने थोड्या वाढलेल्या कार्बन डायऑक्साइडशी जुळवून घेत होतं आणि आम्हाला ते डिसेंबरमध्येच कळू शकलं असतं. रक्तातलं खरं सॅच्युरेशन ८८. त्याच क्षणी बोटावरचं यंत्र ९१ सांगत होतं.

या तीनच्या फरकाबद्दल थोडं बोलायला हवं. चांगल्या यंत्रातही दोनतीन टक्क्यांची तफावत चालते. पण सावळ्या कातडीत चूक एकाच बाजूला झुकते: यंत्र खऱ्यापेक्षा जास्त सांगतं. कातडीला रंग देणारं मेलॅनिन लाल उजेड खातं, आणि तक्ते बसवताना घेतलेली माणसं बहुतेक गोरी होती. डिसेंबर २०२०मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ऑक्सिमीटर ९२ ते ९६ दाखवत असताना रक्तात प्रत्यक्षात ८८च्या खाली असण्याचं प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत ११.७ टक्के आणि गोऱ्यांत ३.६ टक्के निघालं. ही गोष्ट काही तज्ज्ञांनी १९९०मध्येच दाखवून दिली होती. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी जानेवारी २०२५मध्ये नव्या चाचण्यांचा मसुदा काढला, त्यात वेगवेगळ्या वर्णांची माणसं घेण्यावर भर आहे. आपल्या देशात, जिथे एकाच चाळीत कातडीच्या दहा छटा असतात, हा प्रश्न माझ्या मते त्यांच्यापेक्षा आपल्या जास्त जिव्हाळ्याचा आहे. ज्या रुग्णाला ८८ ते ९२ या चिंचोळ्या पट्टीत ठेवायचं आहे, त्याच्यासाठी तीन टक्के म्हणजे जवळजवळ सगळी पट्टी.

काकांना बायपॅप लावला. तोंडानाकावर घट्ट बसणारा मास्क, आणि प्रत्येक श्वासाला यंत्राचा रेटा. गळ्यात नळी घालावी लागली नाही. चार तासांनी पीएच ७.३१ आणि कार्बन डायऑक्साइड ७०. पहाटे त्यांनी मास्क ओढून काढायचा प्रयत्न केला आणि नर्सशी हुज्जत घातली. मुलाने ते मला फोनवर सांगितलं तेव्हा मला मनापासून बरं वाटलं. सहाव्या दिवशी घरी. घरी येतानाचा कार्बन डायऑक्साइड ५८, पीएच ७.३७. हाच त्यांचा नेहमीचा तोल असावा.

उजेडाने कार्बन डायऑक्साइड मोजता येतच नाही असं नाही. शस्त्रक्रियेच्या वेळी भूलतज्ज्ञ रोज मोजतात. कार्बन डायऑक्साइड अवरक्त उजेड ४.२६ मायक्रोमीटरच्या आसपास जोराने शोषतो, त्यामुळे उच्छ्वासाची हवा एका छोट्या कप्प्यातून नेऊन त्यातून तसा उजेड पाठवला की किती शोषला गेला त्यावरून प्रमाण कळतं. या यंत्राला कॅपनोग्राफ म्हणतात. सुई नाही, रक्त नाही. पण ते पाहतं श्वास, आणि ऑक्सिमीटर पाहतो बोट. शिवाय सीओपीडीत उच्छ्वासातला आकडा रक्तातल्यापेक्षा बराच कमी येतो, म्हणून तिथेही आकड्याचा कल बघायचा, नुसत्या आकड्यावर विसंबायचं नाही. लालबागच्या खोलीत ते यंत्र आज तरी येणार नाही. तिथे कार्बन डायऑक्साइड मोजायचं साधन सूनबाईंच्या समासात होतं. सकाळी अर्धा चहा, दुपारी दोन घास, चारला जड डोकं, आठला चुकीची हाक. त्या कडेच्या ओळी कुणी एकापाठोपाठ एक वाचल्या असत्या, तर मला दुपारी दोनलाच बोलावलं असतं. वाचायला शिकवायचं काम माझं होतं.

घरी आल्यावर आम्ही तिघांनी, म्हणजे मी, सूनबाई आणि मुलाने, बसून सगळं नव्याने लावलं. कॉन्सन्ट्रेटरच्या काट्याला १ लिटरवर निळी चिकटपट्टी. ती काढायची झाली तर आधी मला फोन. भिंतीवर कॅलेंडरखाली कागद: ८८ ते ९२, आणि खाली मोठ्या अक्षरात ‘९२च्या वर सारखा राहिला तरी कळवा’. या ओळीचं घरच्यांना सगळ्यात नवल वाटलं. जास्त असणं हेही वाईट असू शकतं, हे करोनाने शिकवलेल्या धड्याच्या अगदी उलट होतं. ते गळी उतरायला मला तीन भेटी लागल्या. त्यातल्या एका भेटीत मी स्वतःचं बोट बर्फाच्या पाण्यात बुडवून यंत्र लावून दाखवलं. आधी नुसत्या रेघा, मग ८९, मग ९३, बोट गरम झाल्यावर ९८. नाडीची पट्टी कशी लुळी पडते आणि परत उभी राहते ते सूनबाईंनी पाहिलं. त्या म्हणाल्या, “म्हणजे त्या दिवशी त्र्याऐंशी खोटं होतं?” नक्की सांगता येणार नाही. नळी काढून गॅलरीच्या टोकापर्यंत चालल्यावर काकांचा ऑक्सिजन खरोखर उतरतो, त्यात बोट गार. दोन्ही मिळून ८३ झालं असेल. बसून, हात चादरीत गुंडाळून पाच मिनिटं थांबलो असतो तर कळलं असतं. आता तसं थांबतात. संडासाला जाताना लहान सिलिंडर खांद्याला अडकवून मुलगा किंवा नातू सोबत जातो. गुंगी आणणारी सर्दीची गोळी घरातून काढून टाकली. फ्लूची लस दिली.

रक्तातल्या ८८ला यंत्राने ९१ दाखवलं होतं, तो फरकही वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलाय. पण ती वजाबाकी कायमची धरायची नाही, हेही शेजारी लिहिलंय. यंत्र बदललं, बोट बदललं, ताप आला की फरक बदलतो. पुढच्या तपासणीत धमनीतलं रक्त पुन्हा पाहायचं ठरलं आहे, आणि त्या वेळी घरचंच यंत्र सोबत न्यायचं.

आणि वहीचे रकाने उलटे केले. आता डावीकडे वेळेनंतर मोठा रकाना आहे तो काका काय करतायत याचा: जागे आहेत का, बोलणं नेहमीसारखं आहे का, डोकं दुखतं का, चहा-जेवण, कफाचा रंग, पायांना सूज. आकड्याला उजवीकडचा समास. सूनबाई आता दिवसातून दोनदाच लिहितात. परवा सहज वही चाळली. मधल्या एका दिवशीची नोंद अशी होती: ‘स्वतः दाढी केली. चहा दोनदा मागितला. पेपर मोठ्याने वाचून सगळ्यांचं डोकं उठवलं. मशीनचे सेल संपलेत.’ आकड्याच्या जागी आडवी रेघ. सेल मी संध्याकाळी कंपाउंडरच्या हाती पाठवून दिले.